मदत हवी आहे: भाऊबीजेला १४ जणांची पंगत, पण खुर्चीवर

भाऊबीजेला घरी १४ माणसं जेवायला आहेत. हॉल साधारण १० बाय १५ फूट, जेवणाचं टेबल सहा जणांचं. आजी, आत्या आणि मामा, तिघांनाही गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. गणपतीत आम्ही खाली पंगत मांडली आणि त्यांना टेबलावर बसवलं. गप्पा सगळ्या खाली रंगल्या, आजी वरून नुसती बघत राहिली. ते मला पुन्हा नको आहे. बुफेही नको, आग्रह करून वाढण्यातला आनंदच जातो.

म्हणून भाड्याने दोन लांब घडीची टेबलं आणून सगळ्यांनाच खुर्चीवर बसवायचं ठरवलंय. अडचण आहे केळीच्या पानाची. परवा करून पाहिलं: पान गॅसवर जरा शेकून मऊ केलं, शेंडा डावीकडे ठेवून मांडलं. फाटलं नाही, पण सनमायकावर सरकतं आणि वरण कडेवरून थेट मांडीवर येतं. ताटात कापून घातलं तर चटणी-कोशिंबिरीला जागाच उरत नाही. आमटीला वाटी आहेच. प्लास्टिकचं काही नको.

तुम्ही टेबलावर पानाखाली काय घालता? आणि माणशी किती रुंदी धरू?