इन्चार्ज सिस्टर कडक असल्या की टीम नाराज होतेच का?

नर्सिंग_सुपरवायझर:
३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड, इन्चार्ज म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर. पगार आणि स्टाफ शेजारच्या वॉर्डाइतकाच, तरी बदलीचे अर्ज इथूनच येतात. सिस्टर्सचं म्हणणं, इन्चार्ज फार कडक आहेत. हेच कारण धरावं का? आणि मोजावं कसं?

निवृत्त_मेट्रन:
कडकपणाला लगेच दोष देऊ नका. नियम सगळ्यांना सारखा असेल तर कडक इन्चार्जही आवडतात. सलतो तो दुजाभाव. मागच्या तीन महिन्यांचं ड्युटीपत्रक घ्या आणि प्रत्येकीच्या नाईट, रविवार, सणाच्या सुट्ट्या, ऐनवेळी बदललेल्या ड्युट्या मोजा. नाईटचा भार ठरावीक ज्युनिअर्सवरच पडत असेल तर नाराजी तिथूनच आहे. सुट्टीची मागणी तोंडी घेऊ नये, वहीत तारखेसह लिहून घ्यावी. पत्रक दोन आठवडे आधी लागावं, नंतरचा बदल त्या सिस्टरला विचारूनच.

क्वालिटी_सेल:
मोजायला नर्सिंग संशोधक आयलीन लेक यांची २००२ सालची पीईएस-एनडब्ल्यूआय ही सिस्टर्सच्या कामाच्या वातावरणावरची प्रश्नावली आहे. ३१ विधानं, पाच भाग. एक भाग इन्चार्जचं नेतृत्व आणि पाठिंबा यावर, दुसरा मनुष्यबळ आणि साधनांवर. हे दोन गुण वेगळेच वाचा. फॉर्मवर नाव नको, वय आणि अनुभवही नको, कारण छोट्या वॉर्डात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतं. आणि फॉर्म इन्चार्जनी गोळा करू नयेत, नाहीतर सगळ्याच विधानांना 'सहमत' येईल.

आयसीयू_ट्यूटर:
माझ्या मते कडक इन्चार्जपेक्षा जास्त नुकसान करते ती कधीच मध्ये न पडणारी. नातेवाईक अंगावर येतात, राउंडला डॉक्टर सगळ्यांसमोर बोलतात आणि या इन्चार्ज इंडेंट (सामानाची मागणी) लिहीत बसतात. नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास यांच्या मांडणीत ही लेसे-फेअर पद्धत, म्हणजे नेतृत्वच न करणं.

डोस चुकला की खरी परीक्षा होते. आधी पेशंटचे व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास), डॉक्टरांना कळवणं, मग इन्सिडंट फॉर्म. त्यानंतर विचारायचं: सारख्या दिसणाऱ्या व्हायल्स (औषधाच्या बाटल्या) शेजारी होत्या का? औषध भरताना कोणी हाक मारली का? इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराइड अशी जोखमीची औषधं दुसऱ्या सिस्टरने तपासली का? आधी मेमो दिला की पुढची चूक लपवली जाते, आणि त्यात पेशंट जातो.

निवृत्त_मेट्रन:
मनुष्यबळाचे गुण कमी आले तर मात्र इन्चार्जना धारेवर धरू नका. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा स्टाफ धरलेला आहे; तो मिळतो का, आधी पाहा. इन्चार्जनी रोज पाळीनिहाय पेशंट आणि सिस्टर्सचा आकडा मेट्रन ऑफिसला लेखी द्यावा आणि त्याची प्रत वॉर्डात लावावी, म्हणजे आपल्यासाठी कोणीतरी मागणी करतंय हे टीमला दिसतं.