फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं पाणी बाहेर पडत नाही. ड्रेन पंप बदलावा का? बजेट २०००

वैतागवाडी
नमस्कार मंडळी. साडेसहा किलोचं फ्रंट लोड आहे, ७ वर्षं जुनं, वॉरंटी कधीच संपली. धुणं नीट होतं, पण पाणी सोडायची वेळ आली की खालून घूंऽऽ आवाज येतो, थोड्या वेळाने बीप बीप करून एरर दाखवतं आणि थांबतं. दार उघडत नाही, आत कपडे पोहतायत. खालच्या छोट्या नळीतून पाणी काढून फिल्टर साफ केला. हेअरपिना, एक नाणं आणि लेकाच्या युनिफॉर्मचं बटण निघालं. तरी तेच.

सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन गेला. मशीन उघडलंसुद्धा नाही. "पंप गेलाय, सर्किट बोर्डपण बघायला लागेल" म्हणत ४८०० सांगितले आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच जाईल.

पंपच गेलाय हे घरी कसं ओळखायचं? ओरिजिनल घ्यावा की बाजारातला? पुण्यात कुठे मिळेल? बजेट २००० म्हणजे २०००च. नवीन मशीन सुचवू नये ही नम्र विनंती. भर पावसाळा आहे आणि सासूबाई रोज सकाळी माझ्याकडे बघत बघत कपडे आपटतायत.

तिरकस
७ वर्षं म्हणजे आयुष्य झालं की त्याचं. नवीनच घ्या. आम्ही दिवाळीत ८ किलोचं इन्व्हर्टरवालं घेतलं, ३८ हजार. आवाज म्हणून नाही. जुन्याचे एक्स्चेंजमध्ये २००० आले, म्हणजे तुमचं बजेटही वसूल.

वैतागवाडी
नम्र विनंती वाचलीत का?

तिरकस
वाचली. म्हणूनच नम्रपणे सुचवलं.

सुखी_माणूस
फिल्टर साफ करून बघा. खाली कोपऱ्यात झाकण असतं. नाणी अडकतात बऱ्याचदा.

वैतागवाडी
केलाय हो.

सांगलीकर_भाऊ
ताई, पंपाच्या नावानं लुटत्यात. आमचं बी सेम झालतं. आत पंप बिंप काय नसतोय, एक ड्रेन मोटर असती, ती व्हॉल्व्ह ओढती आन् पाणी जातंय. साडेचारशेत मोटर बसवून दिली पोरानं. ४८०० कशाचे?

जुना_सोल्डर
भाऊ, तुमचं टॉप लोड असणार. आपल्याकडच्या बहुतेक टॉप लोडमध्ये पाणी स्वतःच्या वजनानेच खाली जातं, मोटर फक्त व्हॉल्व्ह उघडते. म्हणून त्यांचा पाइप जमिनीलगत ठेवायला सांगतात. फ्रंट लोडला पाणी वर ढकलावं लागतं, पाइप दोन-तीन फुटांवर अडकवलेला असतो. तिथे पंपाशिवाय गत्यंतर नाही.

सांगलीकर_भाऊ
टॉप लोडच हाय. पण पाणी त्ये पाणीच की.

डोंबिवलीची_काकू
पावडर किती टाकता? झाकणं भरभरून लिक्विड ओतलं की फेसच फेस होतो, मग पंप पाण्याऐवजी फेस ओढत बसतो आणि एरर येतो. आमच्या सुनेला सांगून थकले. माझं सेमी ऑटोमॅटिक लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेलं, अजून चालू आहे. बटण फिरवलं की पाणी गेलं. ना एरर ना बीप.

आळशी_बोका
वायर बघितली का? आमच्याकडे उंदराने पंपाची वायर बरोबर मधोमध कुरतडली होती. मेकॅनिक बोर्ड बदलायला निघाला होता, मीच टॉर्च मारून पकडला.

सुखी_माणूस
कोणाला, मेकॅनिकला की उंदराला?

पेठकर
उंदरावरून आठवलं, आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या वायरी खाल्ल्या आहेत. कोणी उपाय सांगेल का? डांबरगोळ्या टाकून झाल्या.

आळशी_बोका
डांबरगोळ्यांना ते घाबरत नाहीत. मशीनच्या बुडाला जाळी लावून घ्या, एवढंच चालतं.

जुना_सोल्डर
वायर तुटली असती तर पंपाचा आवाजच आला नसता. ताईंकडे घूं येतंय, म्हणजे वीज पंपापर्यंत पोचतेय आणि बोर्डावर संशय घ्यायचं कारण नाही. ते ४८०० आधी डोक्यातून काढा. आता क्रमाने.

आधी पाइप भिंतीतल्या नळीतून काढा आणि त्याच उंचीवर बादलीत धरून ड्रेन लावा. बादलीत जोरात धार आली तर तुमची भिंतीतली नळी तुंबलीय, मशीन निर्दोष आहे.

धार आली नाही तर प्लग काढा (बटण बंद करणं पुरेसं नाही), उरलेलं पाणी काढा, फिल्टर काढून आत टॉर्च मारा. मागे छोटा पंखा दिसेल. बोट घालू नका, पिना असतात. लाकडी चमच्याच्या दांड्याने फिरवा. तो झटके घेत, अडखळत फिरतो. आत चुंबक आहे, त्यामुळे तसंच फिरायला हवं. लोक नेमके तेच बघून "जॅम झालाय" म्हणतात आणि चांगला पंप फेकतात. उलट भोवऱ्यासारखा मोकळा गरगरला तर पंखा चुंबकापासून सुटलाय. अजिबात हलला नाही तर मागे केस, दोरा किंवा ब्राची तार गुंडाळलीय. आणि आडवा ढकलल्यावर डुगडुगला तर आतलं बेअरिंग झिजलंय.

मल्टिमीटर असेल तर पंपाची क्लिप काढून दोन पिनांवर ओहम बघा. साधारण १५० ते २०० च्या आसपास यायला हवेत. काहीच आलं नाही तर कॉइल उडाली. पण ओहम बरोबर आले म्हणजे पंप धडधाकट असं समजू नका. झिजलेलं बेअरिंग मीटरला दिसत नाही.

कोडवाचक
एरर कोणता ते लिहिलंच नाही. एलजीत ओई, सॅमसंगमध्ये ५ई किंवा ५सी, बॉशमध्ये ई१८. सगळ्यांचा अर्थ एकच, ठरलेल्या वेळात पाणी गेलं नाही. पंप खराब आहे असं कोड सांगत नाही, ते मेकॅनिक सांगतो.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत मेकॅनिकला हात लावायचे दोनशे डॉलर, त्यामुळे सगळे व्हिडिओ बघून स्वतःच करतात. मी एकटीने तासाभरात पंप बदलला होता. ३० डॉलरला मिळतो. पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय, घेऊन येऊ का?

जुना_सोल्डर
आणू नका. तिकडचा पंप १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. इथे २३०वर लावलात तर पहिल्याच धुण्याला धूर निघेल.

एडिसनकर
कन्व्हर्टर लावून नाही का चालणार? मिक्सरला चालतो की.

तिरकस
मशीनच्या पोटात कन्व्हर्टर बसवण्यापेक्षा आमच्यासारखं नवीन घ्या. आवाज म्हणून नाही.

पेठकर
पुण्यात तपकीर गल्लीत जा. पण जुना पंप काढून हातात घेऊन जा, मॉडेल नंबर सांगून भागत नाही. त्याच कंपनीच्या दोन मशीनमध्ये वेगळे पंप निघतात. तीन स्क्रूचा आहे की फिरवून लॉक होणारा, पिना शेजारी शेजारी आहेत की लांब, तोंड कुठल्या बाजूला, सगळं दुकानदाराला दाखवा. बाजारातला सहाशे ते नऊशे. मी तोच लावला, चार वर्षं मस्त चाललाय.

घाटकोपर_७७
बाजारातला चुकूनही लावू नका. माझा तीन महिन्यांत सीलमधून गळायला लागला, पाणी मोटरवर उतरायचं आणि घरातली अख्खी लाइट ट्रिप व्हायची. इलेक्ट्रिशियन गिझरच तपासत बसला.

पेठकर
तुम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला असणार.

घाटकोपर_७७
कुठूनही घेतला तरी रबर रबरच असतं साहेब. पुण्याचं काय वेगळं असतं?

पेठकर
ते सांगायला लागलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

वैतागवाडी
सगळ्यांचे आभार, उंदीरवाल्यांचेही. शेजारच्या काकांचा मीटर आणून सगळं करून बघितलं. बादलीत पाणी आलं, पण करंगळीएवढी धार, आणि तीही मधेच थांबली. ओहम १७२. पंखा झटके घेत फिरतो, पण दांड्याने आडवा ढकलला की चांगलाच डुगडुगतो. शिवाय मशीन जरा तिरकं करून टॉर्च मारला तर पंपाखाली पत्र्यावर पांढऱ्या क्षाराचा ओघळ सुकलाय, त्याच्या कडेला थोडी ओल आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं.

जुना_सोल्डर
मग निकाल लागला, पंपच. सील जुनं झालं, पाणी झिरपलं, बेअरिंग गेलं. ओरिजिनल घ्या आणि स्वतःच बसवा. मशीन मागे झुकवायला दोन माणसं लागतील, आत काँक्रीटचं वजन असतं, एकट्याने धाडस करू नका. काढण्याआधी मोबाइलवर वायरीचा फोटो घ्या. खाली जुना टॉवेल अंथरा, कितीही पाणी काढलं तरी तांब्याभर सांडतंच.

घाटकोपर_७७
ओरिजिनलला अनुमोदन.

कोडवाचक
ओरिजिनलच. आणि स्वतः करा, अवघड नाही.

एडिसनकर
मी एकटीने केला होता!

डोंबिवलीची_काकू
ओरिजिनल घे गं. स्वस्ताच्या मागे लागू नकोस. आणि पावडर निम्मी कर.

वैतागवाडी
झालं काम. ओरिजिनल १८५० सांगितला, वर तो मागवावा लागणार होता आणि आठवडा लागला असता. सोसायटीत येणारा मेकॅनिक बाजारातला पंप साडेसातशेला घेऊन आला, पाचशे मजुरी, अर्ध्या तासात बसवून गेला. सहा महिन्यांची गॅरंटी आहे. स्वतः करायचा विचार होता, पण नवऱ्याची कंबर आणि ते काँक्रीट, दोन्ही नको म्हटलं. आवाज आधीपेक्षा जरा जास्त येतो, पण पाणी धो धो जातंय.

घाटकोपर_७७
गॅरंटीचं बिल दिलं का?

वैतागवाडी
तोंडी आहे.

घाटकोपर_७७
तोंडी!!

पेठकर
मी आधीच बाजारातला म्हटलं होतं, ह्याची नोंद घ्यावी.

जुना_सोल्डर
तुमचं मशीन, तुमचा निर्णय. पहिली काही धुणी होईपर्यंत खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. कागद ओला झाला तर आधी नळीची क्लिप नीट आवळलीय का ते बघा, बहुतेक वेळा तीच ढिली राहते. आणि काढलेला जुना पंप मेकॅनिकने नेला असेल तर परत मागून घ्या. पुढच्या वेळी दुकानात दाखवायला लागतो.

तिरकस
३८ हजारांवर सध्या ऑफर आहे, फक्त कळवून ठेवतो.

सांगलीकर_भाऊ
आमची ड्रेन मोटर कालपासनं परत बंद पडलीय. नवीन धागा काढू का हितंच विचारू?