जियानचा काळा वाडगा: रेघा बघू की बूड?

मातीकाम
चीनच्या फुजियान प्रांतातल्या जियानयांगचा म्हणून एक काळा चहाचा वाडगा विक्रीला आहे. तोंड १२ सेंमी, आत सशाच्या लवेसारख्या तांबूस रेघा, बुडाला 'गोंग यू' ही अक्षरं. सुंग राजवटीतला (दहावं ते तेरावं शतक) आहे हे कशावरून ठरवायचं? आणि चहाला काळाच वाडगा का?

झिलईवाला
रेघा नंतर, आधी वाडगा पालथा करा. जियानची माती लोहयुक्त: रवाळ, जड, काळपट-जांभळी. झिलई बुडाच्या वरच थांबते आणि तिथे जाड ओघळ साठतो, कधी एकाच बाजूला मण्यासारखा थेंब. काठावर ती पातळ होऊन तपकिरी, खरखरीत लागते. नकलेत बूड बरेचदा रंगवलेलं असतं. विक्रेत्याच्या परवानगीने फक्त बिनझिलईच्या जागी अॅसिटोनचा बोळा फिरवा; काळं उतरलं तर रंग वरचा आहे. डागडुजीच्या जागी मात्र नको, डिंक सुटेल.

'गोंग यू' म्हणजे दरबारासाठी. भाव वाढतो म्हणून ही अक्षरं नंतरही कोरतात. ओल्या मातीतल्या रेषेच्या कडा किंचित उचललेल्या असतात, आतला रंग बुडासारखाच. भाजल्यावर कोरली तर आत फिकट आणि कडांना टवके. भिंगातून लगेच कळतं.

चहापूड
काळा का, तर चहा पांढरा होता म्हणून! सुंग दरबारातला अधिकारी त्साय श्यांग याने ११व्या शतकात चहावरच्या पुस्तकात हेच लिहिलंय: पांढऱ्या फेसाला काळा वाडगा, आणि जाड अंगामुळे ऊब टिकते. चहाची वडी कुटून, दळून, चाळून घ्यायची. वाडगा आधी तापवायचा, थंड असला तर पूड वर येत नाही. मग गरम पाणी थोडं थोडं ओतत घुसळायचं. स्पर्धेत ज्याच्या फेसाखालून पाण्याची रेघ आधी दिसेल तो हरला. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने वडीच्या चहाचा नजराणा बंद केला, सुट्या पानांचा चहा वाढला आणि हे वाडगे मागे पडले.

भट्टीकाम
रेघांबद्दल राहिलं. साधारण १३०० अंशांना झिलईतले बुडबुडे लोह पृष्ठभागावर आणतात, झिलई खाली वाहते आणि ते लोह तिच्यासोबत ओढलं जातं. म्हणून खऱ्या रेघा काठाकडून तळाकडे उतरतात, जाडी कमी-जास्त असते. आच कमी पडली तर झिलई मंद राहते, जास्त झाली तर ओघळून वाडगा खालच्या मातीच्या चकतीला चिकटतो.

अंधारात अतिनील टॉर्चही मारा. जोडलेल्या जागा बहुतेकदा वेगळ्या चमकतात. अशा जोडलेल्या वाडग्यात उकळतं पाणी ओतू नका.