ओटीपोटात उजवीकडे दुखतंय, पाळीही पुढे गेलीय

प्रश्न: बहीण २२ वर्षांची, पंचवटीत रूमवर राहते. कालपासून ओटीपोटात उजवीकडे दुखतंय, पाळी आठवडाभर पुढे गेलीय. ताप नाही. मेडिकलमधून गोळी घेऊन थांबू का?

मेथीची_जुडी: थांबू नका. आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, लग्न झालेलं असो वा नसो. पाळी चुकून एका बाजूला दुखतं तेव्हा गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते. नळी फुटली तर रक्तस्राव पोटात होतो, बाहेर फारसा दिसतही नाही. टेस्ट पॉझिटिव्ह, चक्कर किंवा खांद्यात कळ असेल तर लगेच १०८.

गोदाकाठ: टेस्ट निगेटिव्ह आली तरी अपेंडिक्स उरतंच. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकतं, भूक मरते, खोकल्यावर कळ येते. ताप सुरुवातीला नसतोही. एकदम जोराची कळ आणि उलट्या म्हणजे बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो, तिथे तासांचा हिशेब असतो.

प्रश्नकर्ती: सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचं ना?

मेथीची_जुडी: एरवी हो, मूत्राशय भरलेलं लागतं. पण ऑपरेशनची शक्यता असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं-पिणं नको. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला रात्रीही घेतात.

गोदाकाठ: लघवीला जळजळ असेल तर इन्फेक्शन, कमरेतून जांघेकडे कळ गेली तर खडा. अंगावरून घाण वासाचं पाणी आणि ताप असेल तर गर्भाशय-नळ्यांची सूज. आणि गरम पाण्याची पिशवी निदान होईपर्यंत नकोच.