मृत्युपत्रापेक्षा वेगळा कागद बरा

आपल्या अंत्यविधीत कोणते संगीत वाजावे हे मृत्युपत्रात नमूद करावे, ही या विषयावरच्या चर्चेत आलेली सूचना हेतूने योग्य असली तरी व्यवहारात फारशी उपयोगी पडत नाही, कारण मृत्युपत्र बहुधा सारे विधी आटोपल्यावरच उघडले जाते. त्यापेक्षा एका साध्या कागदावर रचना, कलाकार आणि नेमके कोणते ध्वनिमुद्रण हे लिहून तो जवळच्या दोघांकडे आधीच देऊन ठेवावा. माझ्या एका ज्येष्ठ मित्रांनी फक्त गायिकेचे नाव सांगितले होते. ऐनवेळी मुलांच्या हाती मैफलीतले ध्वनिमुद्रण लागले आणि अखेरीस टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. (त्यांना स्वतःला ते आवडले असते, हा भाग वेगळा.)

जागेचे नियम हा मुद्दा मात्र कोणीच मांडलेला नाही. संगीतकार शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये वारला, तेव्हा आपल्या अंत्यविधीत मोझार्टचे ‘रेक्विएम’ (मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेची संगीतरचना) गायले जावे अशी त्याची इच्छा होती. परंतु त्या रचनेत स्त्रियांचे आवाज लागतात आणि जिथे विधी व्हायचा होता त्या मादलेन चर्चमध्ये स्त्रियांना गाण्याची परवानगी नव्हती. त्यामुळे विधी ३० ऑक्टोबरपर्यंत लांबला आणि गायिकांनी काळ्या पडद्याआड उभे राहून गावे या अटीवर अखेर परवानगी मिळाली. एवढ्या नामवंताची ही स्थिती असेल, तर आपण निवडलेली रचना विधीच्या जागी चालेल का आणि वेळ किती मिळेल, याची चौकशी हयातीतच केलेली बरी.