मदत हवी आहे: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या बैठकीत जुन्या-नव्यांचं जमवायचं कसं?

मंडळी, बॅरिअ‍ॅट्रिक पेशंटची महिन्याची बैठक चालवणाऱ्यांचा सल्ला हवाय. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की नवे घाबरतात, "ऑपरेशन फसलं का?" जुने वैतागतात, "किती वेळा तेच सांगायचं!" शरीर ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साखरेच्या साठ्यासोबत) पाणी परत साठवतं म्हणून वजन अडतं, हे दरवेळी कुणीतरी मायेने सांगायलाच हवं.

त्याहून धोक्याचं, "मी १५ व्या दिवशी पोळी खाल्ली, काही झालं नाही." तेव्हा जठराला सूज असते, घास अडकतो, उलट्या होतात, शिवणीवर ताण येतो. शिवाय स्लीव्हवाल्याचा (जठराचा मोठा भाग कापून काढलेल्याचा) अनुभव बायपासवाल्याला (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडलेल्याला) जसाच्या तसा लागू पडत नाही. अर्ध्या गुलाबजामनेही बायपासवाल्याला धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात.

उलट, ५ वर्षांनी वजन परत वाढलेले जुने लोक नव्यांच्या "२० किलो उतरले!"च्या टाळ्यांत गप्प बसतात, मग यायचेच थांबतात. बी-१२ आणि लोहाच्या तपासण्याही सुटतात. याचीच जास्त काळजी वाटते.

पहिल्या ६ महिन्यांवाल्यांना वेगळं बसवावं का? बोलण्याआधी शस्त्रक्रियेचा प्रकार आणि कितवा महिना ते सांगायचं, असा नियम कुणी लावलाय? वजन वाढलेल्यांना पुन्हा बोलतं कसं करता?