अ‍ॅबिलीनची खरी गोष्ट: लोहमार्ग, गुरं आणि गोचीड

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅबिलीनचा विषय निघाला की तो बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक आणि त्याच्या पिस्तुलांपाशीच थांबतो, म्हणून थोडी भर घालतो. हिकॉक तिथे मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, होता तो 1871 सालचे जेमतेम आठ महिने. गाव उभं केलं ते गुरांच्या व्यापारानं.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं (1865) तेव्हा दक्षिणेतल्या टेक्सासमध्ये लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांची गुरं उदंड होती, पण तिथे त्यांना भाव मातीमोल. उत्तरेत त्याच्या कितीतरी पट. 1867 मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्यानं लोहमार्गावरचं हे गाव हेरलं. तेव्हा तिथे होत्या मोजक्या लाकडी झोपड्या. त्यानं गुरं ठेवायला लाकडी कुंपणांची मोठी आवारं बांधली, वजनकाटा बसवला, हॉटेल काढलं. त्याच सप्टेंबरात गुरांनी भरलेले रेल्वेचे पहिले वीस डबे शिकागोकडे निघाले. टेक्सासहून गुरं हाकत आणायच्या चिझम ट्रेल या वाटेवरून महिनोन्‌महिने चालत आलेली गुरं इथे फळीवरून डब्यात चढत.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते गोचीडतापाचं प्रकरण. लाँगहॉर्न स्वतः धडधाकट दिसत, पण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांमुळे स्थानिक शेतकऱ्यांच्या गाई पटापट मरत. कारण गोचीड, हे 1893 पर्यंत सिद्ध झालं नव्हतं. त्या शेतकऱ्यांचा राग आपल्याकडच्या कुणाही गाईवाल्याला लगेच कळेल. त्यात पिकांची नासाडी आणि गावातला धिंगाणा. शेवटी 1872 च्या सुरुवातीला गावकऱ्यांनीच टेक्सासवाल्यांना जाहीर पत्रक काढून कळवलं, यापुढे गुरं इकडे आणू नका. व्यापार कॅन्ससमधल्याच एल्सवर्थ, विचिटा या गावांकडे सरकला आणि अ‍ॅबिलीनभोवती गहू डोलू लागला.